इडली-कोथिंबीर

सासूबाई माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलायला लागल्या, तेव्हा मला वाटलं की त्या माझ्यावर रागावल्या आहेत.

मी मूळची साताऱ्याकडची. नवरा वर्धा जिल्ह्यातल्या देवळीचा. तो वर्ध्यात पॉलिटेक्निकला शिकवतो, म्हणून आम्ही दोघं तिथेच नालवाडीत भाड्याच्या घरात राहतो. सासू-सासरे देवळीलाच असतात. सासऱ्यांचं तिथल्या बाजारात कापडाचं दुकान आहे, आणि दुकान बंद ठेवून दुसऱ्या गावात मुक्काम करायचा म्हटलं की त्यांना झोप लागत नाही. त्यामुळे येणं-जाणं आमच्याकडूनच जास्त. मात्र दुपारची जेवणं आटोपली की सासूबाईंचा फोन ठरलेला. "जेवली काय वं? काय केलतं आज?" अशी सुरुवात व्हायची आणि मग शेजारणीचं बाळंतपण, दुकानातलं भांडखोर गिऱ्हाईक, तुरीच्या शेंगा असं फिरत फिरत बोलणं पुन्हा स्वयंपाकघरात यायचं. लग्नानंतर सुरुवातीला मला त्यांचं निम्मं बोलणं कळत नसे. "थे भेदरं दे इकडे" म्हणाल्या की मी ओट्याकडे नुसती बघत राहायचे. मग त्या स्वतःच उठून टोमॅटो घ्यायच्या आणि हसायच्या. हळूहळू कान तयार झाला. पुढे तर माहेरी गेले की माझ्या तोंडून 'करून राहिले' निघायचं आणि आई म्हणायची, "काय गं हे नवीन?"

तर त्या हिवाळ्यात एका दुपारी फोन आला आणि पलीकडून प्रश्न आला, "जेवलीस का? आज काय केलं होतंस?"

मी म्हटलं, "आई, बरं आहे ना सगळं?"

"हो, सगळं ठीक आहे. मला जरा सर्दी झाली आहे, एवढंच."

शब्द असे एकेक करून आले, जसं नवं भांडं फुटू नये म्हणून हलकेच खाली ठेवावं. फोनही लवकर आटोपला. शेजारीण नाही, गिऱ्हाईक नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो हसला. "टीव्ही पाहते ती. मालिकेतल्या बायांसारखं बोलून पाहत असेल." त्याने मला दाखवायला म्हणून लगेच स्पीकरवर फोन लावला. सासूबाई त्याच्यावर नेहमीसारख्या घसरल्या, "काऊन रे, आज आठवण आली काय मायची?" सर्दी होती, पण बोली जागच्या जागी होती. म्हणजे पुस्तकी मराठी फक्त माझ्यासाठी होती.

पुढे बरेच दिवस हेच चाललं. मी आठवून आठवून पाहिलं, दिवाळीत काही बोलले का, कुणाच्या समोर काही चुकलं का. काही सापडेना. विचारायचा धीर होत नव्हता, कारण विचारायचं तरी काय? "आई, तुम्ही नीट का बोलता?" असं कुणी विचारतं का?

याच सुमारास माझ्या कामात एक तक्रार आली. मी नागपूरच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीसाठी घरून काम करते. आमच्या कंपनीकडे एका मसाले विकणाऱ्या उद्योगाची वेबसाइट आहे. तिच्यावर घरोघरच्या बायका, आणि आता बरेच पुरुषही, आपापल्या पाककृती लिहून पाठवतात. ही साइट ज्याने बांधली तो सहकारी नोकरी सोडून हैदराबादला गेला आणि उन्हाळ्यापासून ती माझ्याकडे आली. हे मी तेव्हाच फोनवर सासूबाईंना सांगितलं होतं. तक्रार ठाण्याच्या एका बाईंची होती. त्यांनी लिहिलं होतं, "मी तुमच्याकडे इडली-सांबाराची कृती पाठवली. तुमच्या साइटवर ती 'इडली-कोथिंबीर' या नावाने दिसते. आत सगळीकडे 'कोथिंबीर उकळू द्या, गरम कोथिंबीर वाटीत वाढा' असं झालं आहे. माझ्या जावा मला फोन करकरून हसत आहेत."

मीही हसले. मग कारण शोधायला बसले.

सर्व्हरवर चालणाऱ्या अशा प्रोग्रामांत एक सोय असते, तिला आम्ही फिल्टर म्हणतो. तुम्ही फोनवर 'पाठवा' बटण दाबलं की तुमचा मजकूर रिक्वेस्ट म्हणून सर्व्हरकडे येतो. पण जो प्रोग्राम तो मजकूर साठवणार, त्याच्या हातात तो थेट पडत नाही. वाटेत फिल्टर त्याला अडवतात, एकामागून एक. एक पाहतो की पाठवणाऱ्याने लॉगिन केलंय का. दुसरा मजकुरात शिव्या नाहीत ना ते बघतो. तिसरा काय आलं, कधी आलं याची नोंद लॉगमध्ये करतो. या सगळ्यांतून पार झालं की मग मुख्य काम होतं, आणि उत्तराचं पान परत निघालं की ते याच फिल्टरांतून उलट्या क्रमाने बाहेर जातं. जातानाही त्यांना पानात हवा तो बदल करता येतो. मुख्य प्रोग्रामला यातलं काही ठाऊक नसतं. त्याच्यापुरतं, त्याच्याकडे जे आलं तेच पाठवणाऱ्याने लिहिलेलं.

या रांगेत हैदराबादला गेलेल्या सहकाऱ्याने एक फिल्टर बसवला होता, तो शब्द बदलायचा. मसालेवाल्यांची मागणी होती की साइटवरची भाषा एकसारखी दिसावी, म्हणून त्याने गावोगावचे शब्द आणि त्यांचे पुस्तकी पर्याय अशी जोड्यांची फाईल केली होती. 'मले' आला की 'मला'. 'काऊन' आला की 'का'. 'भेदरं' आलं की 'टोमॅटो'. आणि 'सांबार' आला की 'कोथिंबीर', कारण आमच्या वर्धा-नागपूरकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. त्याने काम मन लावून केलं होतं. फक्त ठाण्याच्या घरात सांबार म्हणजे डाळीचा असतो, हे त्या फिल्टरला कुणी सांगितलं नव्हतं.

इडलीपुरती दुरुस्ती सोपी होती. पण मला वाटलं, आणखी कुणाकुणाचं असं झालं असेल? मी लॉग उघडला आणि तिथे एक गोष्ट लक्षात आली. नोंद करणारा फिल्टर रांगेत शब्द बदलणाऱ्याच्या मागे होता. त्यामुळे लॉगमध्येही बदललेलेच शब्द होते. लोकांनी मुळात काय लिहिलं होतं, ते आमच्याकडे कुठेच उरलेलं नव्हतं. ठाण्याच्या बाईंनी तक्रार केली नसती तर त्यांनी सांबार लिहिला होता हेही कळलं नसतं.

मग मी साठवलेल्या पाककृतीच 'कोथिंबीर' शब्दाने शोधून वाचायला घेतल्या. ढीगभर निघाल्या. बहुतेक ठिकाणी बदल ठीकच होता. वाचता वाचता एक कृती समोर आली, नाव होतं 'कोथिंबीरवडी', आणि खाली पाठवणारीने नाव न देता नुसतं लिहिलं होतं, 'एक गृहिणी, देवळी'.

देवळी वाचून मी जरा सावरून बसले. पहिलं वाक्य होतं: "मला वाटते, कोथिंबीर आदल्या दिवशीच निसून ठेवजा, ओली राह्यली तर वडी फुटते." अर्धं वाक्य पुस्तकी, अर्धं वऱ्हाडी. जे शब्द फाईलमध्ये होते ते बदलले होते, 'ठेवजा' आणि 'राह्यली' निसटले होते. पुढे भाजलेले तीळ, खसखस, सुकं खोबरं, बेसनाची लाटलेली पारी, तिला आतून लावायचं चिंचेचं पाणी. ही आमच्याकडची सांबारवडी होती. सांबारवडी म्हणजे मसालेदार सारणाची पुडी बांधून तळायची. साताऱ्या-पुण्याकडची कोथिंबीरवडी हा अगदीच वेगळा पदार्थ, पीठ वाफवून वड्या पाडायचा. आणि कृतीच्या मधोमध हे वाक्य होतं: "माही सून साताऱ्याकडची हाय, दिवसभर लॅपटॉपवर काम करते, तिच्यासाठी मी चार वड्या बिनमिरचीच्या वेगळ्या करते."

त्या बिनमिरचीच्या वड्या मी खाल्ल्या होत्या. त्यांची टोकं वेगळी दुमडलेली असतात, ओळखू याव्यात म्हणून.

कृतीखाली लोकांचे अभिप्राय होते. पुण्याच्या कुणीतरी लिहिलं होतं, "काकू, कोथिंबीरवडी अशी नसते. आधी नीट शिकून घ्या, मग लिहा." आणखी एकीने हसरे चेहरे टाकले होते. त्यावर देवळीच्या गृहिणीचं उत्तर नव्हतं.

मी त्याच नावाने आलेल्या बाकीच्या कृती काढल्या. गोळाभात, पाटोड्या, तुरीच्या दाण्यांची आमटी, फोडणीची कढी. तारखेच्या क्रमाने लावल्या तर दिसत गेलं की पहिल्या काही कृतींत 'टाकजा', 'घेजा', 'होते ना बाप्पा' असे निसटलेले तुकडे आहेत. मग वडीचा प्रकार झाला. त्यानंतरच्या कृतींत निसटलेलं काही नाही. "कढईमध्ये तेल तापवून घ्यावे. त्यानंतर मोहरी घालावी." सुनेचा उल्लेख नाही, शेजारणीचा नाही. शाळेतल्या मुलीने बाईंना दाखवायला लिहावं तसं सगळं स्वच्छ. फिल्टरला करायला काही कामच ठेवलं नव्हतं त्यांनी.

माझा चहा निवून गेला होता. मला एवढं कळलं की सासूबाई माझ्या कामाच्या साइटवर लिहीत होत्या आणि मला बोलल्या नव्हत्या. पण माझ्याशीच पुस्तकी का, ते कोडं उलगडलं नव्हतं.

रविवारी नवऱ्याच्या कॉलेजात परीक्षेचं काम होतं. मी एकटीच एसटीने देवळीला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली शेतं, मध्येच हरभरा. सासरे दुकानात होते. सासूबाई अंगणात उन्हाला बसून सांबार निसत होत्या. मोठी पितळी परात, तीत हिरवागार ढीग, बाजूला कागदावर काड्या.

"ये," त्या म्हणाल्या. "बस. पाणी देऊ का तुला?"

मी त्यांच्याशेजारी बसले आणि एक जुडी हातात घेतली. थोडा वेळ दोघी निसत राहिलो. मग मी म्हटलं, "आई, एक गृहिणी, देवळी म्हणजे तुम्ही ना?"

त्यांचे हात थांबले. लाजल्या, पण हसल्याही. "तुला माहीतच आहे की."

"मला परवा कळलं."

"परवा?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "असं कसं? तूच तर दुरुस्त करतेस."

"काय दुरुस्त करते?"

"माझं लिहिलेलं." आणि मग बांध फुटल्यासारख्या त्या आपल्या बोलीत आल्या. "आता तूच सांग, मी लिवते 'मले', अन् तिथं दिसते 'मला'. मी लिवते सांबार, तिथं कोथिंबीर. मले वाटलं, आपली सून हाय, दिवसभर हेच काम करते, सासूची फजिती होऊ नये म्हून गुपचूप नीट करून राह्यली. बोलत नाई बिचारी. मंग मी म्हटलं, आपनच सुधरावं. तुले कायले तरास?"

इतके दिवस त्या फोनवर शब्द जुळवत होत्या ते मला कष्ट पडू नयेत म्हणून.

"आई, मी तुमचा एक शब्दही बदलला नाही," मी म्हटलं. "तो प्रोग्राम आहे. तुम्ही पाठवा दाबलं की मजकूर साइटवर जायच्या आधी तो प्रोग्राम त्याला मध्येच अडवतो. त्याच्याकडे शब्दांची फाईल आहे. त्यातला शब्द दिसला की काढतो आणि दुसरा ठेवतो. कुणी बसून करत नाही."

"कोनीच नाई?"

"कुणीच नाही."

त्यांनी परातीतली काडी उचलून बाजूला टाकली. मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल. पण त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे तू वाचत नव्हती," त्या म्हणाल्या.

खरं होतं ते. मी त्यांची एकही कृती वाचली नव्हती. त्यांना मात्र महिनोन्महिने वाटत होतं की दुपारी त्या जे लिहितात ते मी नालवाडीत बसून ओळ न् ओळ वाचते, चुका काढते आणि पुढे पाठवते. सुनेबद्दलची ती वाक्यं माझ्यासाठीच होती. आणि त्या एका अभिप्रायानंतर, मी काही बोलले नाही म्हणून, त्यांनी ती लिहायची बंद केली.

"आता सगळ्या वाचल्या," मी म्हटलं. "बिनमिरचीच्या वड्यांचं पण."

"थे त जाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि पदराने उगाच कपाळ पुसलं. मग थोड्या वेळाने, "गोळाभाताचं वाचलं काय? त्याच्यात मी मीठ लिवाचं विसरली. कोनी बोललंच नाई."

"त्याच्यात मीठ नाही हे माझ्याही लक्षात नाही आलं."

"मंग काय वाचलं तू!" त्या म्हणाल्या आणि मोकळ्या हसल्या. त्या दुपारी आम्ही वड्या केल्या. मी पारी लाटली, त्यांनी सारण भरून पुड्या बांधल्या. माझी पारी एका बाजूला जाड होत होती. त्या दर वेळी बोटाने दाबून बघायच्या आणि काही न बोलता दुसऱ्यांदा लाटायला लावायच्या.

जेवताना सासऱ्यांना सगळा प्रकार सांगितला. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "दुकानात गिऱ्हाईक 'लुगडं' मांगते तर मी त्याले लुगडंच दाखवतो. साडी म्हना, असं सांगत नाई." आणि कढी वाढून घेतली.

सोमवारी मी आमच्या टीमप्रमुखांना फोन केला. ते नागपूरचे, माझ्याहून थोडे मोठे. मी म्हटलं, शब्द बदलणारा फिल्टर काढून टाकू या.

"अरे यार, मी पण घरी सांबारच म्हणतो," ते म्हणाले. "मला काय आनंद आहे का? पण एक सांग, पुण्याची बाई काय टाकून शोधणार? कोथिंबीर. तिला ही कृती सापडलीच नाही तर देवळीच्या बाईंचा काय फायदा? आणि सापडली, वाचली, अन् तिला वाटलं की डाळीचं सांबार पुडीत भरायचं आहे, मग?"

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. मी स्वतः ओट्यापाशी भेदरं शोधत उभी राहिलेली बाई होते. मी म्हटलं, विचार करून सांगते.

दोन-तीन दिवस मी त्यावर घालवले. पहिलं काम म्हणजे नोंद करणारा फिल्टर रांगेत सगळ्यांच्या पुढे आणला, म्हणजे आलेला मजकूर जसाच्या तसा निदान आमच्याकडे राहील. मग सुचलं की फाईल वाईट नाही, तिची जागा चुकली आहे. शब्द आत येताना बदलला की तो गेलाच, परत मिळत नाही. तेच काम पान बाहेर जाताना केलं तर मूळ शब्दाला हात लावायची गरजच नाही. मजकूर जसा आला तसा साठवायचा. उत्तराचं पान वाचणाऱ्याकडे निघालं की फिल्टरने त्याला गाठायचं आणि 'सांबार' शब्दाखाली एक बारीक ठिपक्यांची रेघ द्यायची. कळत नसेल त्याने बोट ठेवावं, अर्थ दिसेल: कोथिंबीर, वर्धा-नागपूरकडचा शब्द. कळत असेल त्याने पुढे जावं. शोधण्यासाठी दोन्ही शब्द चालतील. आणि पानावर इडली असेल, तर फिल्टरने गप्प बसायचं. ही शेवटची अट लिहिताना मला ठाण्याच्या जावा आठवत होत्या.

टीमप्रमुखांनी चाचणीचं पान उघडून बोट ठेवून पाहिलं. "मसालेवाल्यांना विचारतो," म्हणाले. मसालेवाल्यांनी आधी कुरकुर केली, मग त्यांच्यापैकी कुणाच्या तरी आईला ते आवडलं म्हणे, आणि परवानगी आली.

प्रश्न उरला तो अर्थांचा. जुन्या फाईलमधले बरेच अर्थ अंदाजाने लिहिलेले होते. मी सासूबाईंना विचारायला लागले. दुपारचा फोन पुन्हा लांबला. 'येसर' म्हणजे काय, 'फल्लीदाणे' म्हणजे नक्की शेंगदाणेच ना, 'आलन' कशाचं लावतात. त्या उत्साहाने सांगायच्या, पण सगळंच बरोबर सांगायच्या असं नाही. आमटी वाढायच्या एका मोठ्या गोल डावाला त्यांनी एक मजेदार शब्द सांगितला. मी तो टाकला, आणि लगेच तीन ठिकाणांहून तक्रार आली की असा शब्द कुठेच नाही. सासऱ्यांना विचारलं तेव्हा कळलं की तो त्यांच्या घरातलाच शब्द होता, लहानपणी माझ्या नणंदेला नीट बोलता येत नव्हतं तेव्हा तिने पाडलेला. सासूबाईंना हे ऐकून इतकं हसू आलं की फोन ठेवावा लागला. तो शब्द आम्ही काढला. घरात मात्र अजून चालतो.

जुन्या कृतींचं मात्र काही करता आलं नाही. बदलण्याआधीचे मूळ शब्द नोंदीतच नव्हते तर मी आणणार कुठून? मी त्यांना म्हटलं, पुन्हा लिहा. गोळाभात त्यांनी लिहिला, मिठासकट. कढी लिहिली. बाकीच्यांना साफ नाही म्हणाल्या. "एकदा सांगितलं ना वं, आता कितीदा." त्यामुळे त्यांच्या काही कृती साइटवर अजूनही तशाच आहेत, 'घालावी' आणि 'तापवून घ्यावे' अशा. मला त्या वाचताना चुकल्यासारखं होतं. त्यांना होत नाही. उलट एकदा म्हणाल्या, "काही म्हन, थे पाटोड्यांचं लय सुंदर लिवलं होतं मी."

सांबारवडी त्यांनी नव्याने लिहिली, खऱ्या नावाने. यावेळी पुण्याची कुणी आली नाही. आली ती वर्ध्याजवळच्याच सेलूची एक बाई. तिने खाली लिहिलं, "खसखस कमी पडली ताई. आमच्या सेलूले याच्या दुप्पट टाकतात." सासूबाईंनी त्याच दिवशी उत्तर दिलं, "खसखस जास्त टाकली तर वडी खाऊन मानूस झोपते." मग तिचं उत्तर, मग यांचं. आठवडाभर हे चाललं. बाकीचे लोक मध्ये पडले, दोन तट झाले. मी रोज सकाळी चहा घेताना आधी तेच पान उघडायचे. सगळा वाद वऱ्हाडीत होता आणि ठिपक्यांच्या रेघांनी पान भरून गेलं होतं. टीमप्रमुखांनी मला विचारलं, "ही देवळीची बाई कोण आहे? भारी आहे." मी सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना सांग, माझी आई सेलूवालीच्या बाजूने आहे."

उन्हाळ्याच्या तोंडाला सेलूत सासऱ्यांच्या एका व्यापारी मित्राच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही सगळे गेलो. जेवणाच्या मांडवात सासूबाईंनी शेजारच्या बाईला सहज विचारलं की इथे सांबारवडीत खसखस फार टाकतात म्हणे, खरं काय? ती बाई म्हणाली, "आमच्या त्या बाजूच्या गल्लीत एक हायेत, त्या टाकतात लय. मोबाइलवर कोना देवळीवालीसंगं भांडून राह्यल्या म्हने."

सासूबाई ताटावरून उठल्याच. हात धुऊन, त्या बाईला सोबत घेऊन त्यांनी मांडवात खसखसवालीला शोधून काढलं. ती सासूबाईंपेक्षा बरीच लहान निघाली, माझ्या वयाच्या आसपासची, कडेवर लेकरू. "थे देवळीवाली मीच," सासूबाई म्हणाल्या.

"तुमी?" ती म्हणाली. "मले वाटलं तुमी कोनी तरण्या असान. लिवता त तशा."

"अन् मले वाटलं तू म्हातारी," सासूबाई म्हणाल्या. "खसखशीवर एवढं भांडते म्हटल्यावर."

लेकरू सासूबाईंच्या मांडीवर आलं. मी त्यांना पाणी आणून दिलं तेव्हा त्या तिला बेसनात मैदा किती घालायचा ते सांगत होत्या आणि ती मान हलवून नाही म्हणत होती. नवरा गाडीची किल्ली घेऊन दोनदा येऊन गेला. सासूबाईंनी दोन्ही वेळा हातानेच त्याला थांबायला सांगितलं, आणि आम्ही निघालो तेव्हा मांडवातली पाठीमागची खुर्च्यांची रांग उचलायला सुरुवात झाली होती.